पाऊण मिलिमीटरचे कडे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आमची समजूत अशी झाली की, निवृत्त शिक्षकाने जे विषय बोलावयाचे असतात, म्हणजे मुलांचे वळण, वाचनाची आवड, वेळेचे महत्त्व इत्यादि, त्यांपैकीच एखादा आमच्या वाट्यास येणार. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, ते आम्ही आपणांकडून वर्गात पुष्कळ ऐकले आहे. आपण पुतण्याकडे जर्मनीस तीन महिने राहून आलात, तेथे काय केलेत ते सांगा." आता याचे खरे उत्तर असे आहे की, आम्ही तेथे एका जुन्या व्हॅनचे इंजिन घासले, पुसले, मोजले आणि त्यात एक मोठी चूक केली. तेच आज आपणांपुढे मांडणार आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले व गणिताने पडताळले तेवढेच सांगू. आपल्यांत यंत्रे जाणणारी मंडळी आहेत. त्यांनी आमचे बोबडे बोल गोड मानून घ्यावेत.

आमचा पुतण्या हॅनोव्हर शहराजवळच्या एका गावी राहतो. त्याच्या अंगणात १९६९ सालची एक फोक्सवॅगन व्हॅन आहे. जर्मन लोक तिला लाडाने 'बुली' म्हणतात. या जातीच्या गाड्यांची पहिली कल्पना बेन पॉन नामक एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत रेखाटली. १९५० च्या मार्चमध्ये वोल्फ्सबुर्ग येथे त्यांचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ साली ते हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यात गेले. म्हणजे आमच्या पुतण्याची गाडी आपल्या माहेरच्याच परिसरात वार्धक्य घालवीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या व नीट राखलेल्या गाड्यांना नंबराच्या पाटीवर निराळे अक्षर मिळते; ते या गाडीस आहे, व त्याचा पुतण्यास मोठा अभिमान आहे.

या गाडीचे इंजिन मागच्या बाजूस असते आणि ते पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होते. आपल्याकडील स्कूटर किंवा मोटारसायकल ज्यांनी पाहिली आहे त्यांस इंजिनाभोवतालच्या धातूच्या पातळ पाकळ्या ठाऊक असतील. तशाच पाकळ्या येथेही असून त्यांवर पंख्याचा वारा सोडलेला असतो. सिलिंडर चार, दोन उजवीकडे आडवे, दोन डावीकडे आडवे. समोरासमोर बसून दोन पहिलवान एकमेकांकडे ठोसे फेकीत आहेत, तशी पिस्टनांची ये-जा चालते. मधल्या पेटीस क्रँककेस म्हणतात. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, म्हणजे वजनास हलकी पण अंगाने मऊ असते. चारही सिलिंडर लोखंडी व सुटे असतात. प्रत्येकाचा तळ पेटीतील भोकाच्या कडेवर टेकतो, आणि प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरांवर मिळून ॲल्युमिनियमचे एक हेड बसते. आठ लांब दांड्यांच्या साहाय्याने ते हेड सिलिंडरांसह पेटीशी आवळले जाते. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, या इंजिनात सिलिंडर व हेड यांच्या मध्ये पॅकिंग नसते. धातूवर धातू बसतो, व तो सांधा धूर आणि ज्वाळा आत कोंडून धरतो. म्हणून एका बाजूचे दोन्ही सिलिंडर अगदी समान उंचीचे बसले पाहिजेत. एक जरी तसूभर आखूड राहिला, तर हेड दुसऱ्यावर टेकेल व आखूड सिलिंडरातून जळता वायू बाहेर पडू लागेल.

आता 'शिम' म्हणजे काय ते सांगतो. सिलिंडरचा तळ व पेटी यांच्या मध्ये घालण्याचे ते एक पातळ, सपाट कडे असते. पोलादाचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशा जाडीत ते मिळते. हातात घेतले तर एखाद्या मुलीच्या खेळण्यातील बांगडीसारखे वाटावे, एवढे ते क्षुद्र. लंगड्या टेबलाच्या पायाखाली आपण पुठ्ठ्याची घडी सारतो, तसेच हे असावे असे आम्हांस प्रथम वाटले. परंतु टेबल हलावयाचे थांबले की पुठ्ठ्याचे काम संपते. शिमचे काम तेथून सुरू होते. ते कसे, हे समजण्यासाठी गाडी बंद पडली तेथपर्यंत मागे गेले पाहिजे.

आम्ही तेथे जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात पुतण्या, सूनबाई आणि आमची सहा वर्षांची नात हार्त्स पर्वताकडे निघाली होती. चढावर इंजिनातून खडे वाजल्यासारखा टकटक आवाज येऊ लागला, ताकद गेली, मागून निळा धूर निघाला. पावसात रस्त्याच्या कडेला तीन तास थांबून मंडळी दुसऱ्याच्या गाडीने घरी परतली. मूल बरोबर असताना असे व्हावे, याचा सूनबाईंनी धसका घेतला. "ही गाडी विका, नाहीतर अशी करा की मला तिच्यात निर्धास्त बसता येईल," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. गाडी विकणे पुतण्याच्या जिवावर आले होते. म्हणून दुसरा मार्ग त्याने पत्करला, आणि त्याच सुमारास आम्ही व आमचे कुटुंब त्याच्या घरी जाऊन पोहोचलो.

इंजिन उघडले तेव्हा तीन नंबरच्या पिस्टनचा माथा एका कडेस वितळून खचलेला आढळला. तीन नंबरचा सिलिंडर डावीकडचा. या सालच्या इंजिनात तेल थंड करण्याची जाळी पंख्याच्या आवरणातच, नेमकी त्याच्या वर उभी असते. त्यामुळे त्यास मिळणारा वारा आधीच तापलेला असतो. हा दोष पुढे १९७१ च्या सुमारास जाळी बाजूस काढून कारखान्याने कमी केला. परंतु जाळी तर सगळ्याच जुन्या गाड्यांत होती. मग हाच पिस्टन का जळावा? उत्तर मोजमापात होते.

येथे थोडे गणित करावे लागेल. विद्यार्थिमित्रांनी लक्ष द्यावे. हे सातवीच्या पलीकडचे नाही. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, आणि पिस्टनची धाव ६९ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे ५७.४ चौरस सेंटिमीटर येते, त्यास ६.९ ने गुणले की ३९६ घन सेंटिमीटर. चार सिलिंडरांचे मिळून १५८४. म्हणूनच यास सोळाशेचे इंजिन म्हणतात. पिस्टन बाहेरच्या टोकास गेला की हे सारे पेट्रोलमिश्रित हवेचे आकारमान दोनच ठिकाणी दडपले जाते. एक, हेडमधील पोकळी. दुसरे, पिस्टनचा माथा व सिलिंडरची कड यांच्या मध्ये उरलेली बारीक फट. इंग्रजी पुस्तकांत या फटीस 'डेक हाइट' म्हणतात. आपण तिला माथ्याची फट म्हणू. एकूण आकारमानास या उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशनचे प्रमाण मिळते. कारखान्याने या इंजिनास ते साधारणतः साडेसातच्या आसपास दिले होते.

माथ्याची फट एक मिलिमीटरने वाढली की उरलेली जागा ५.७ घन सेंटिमीटरने वाढते. ऐकावयास थोडे, परंतु परिणाम मोठा. आम्ही मोजले तेव्हा उजव्या बाजूस फट १.४ मिलिमीटर व हेडची पोकळी ४७ घन सेंटिमीटर भरली. उरलेली जागा ५५, प्रमाण ८.२. डाव्या बाजूस मात्र फट अवघी ०.६ मिलिमीटर आणि पोकळी ४३. उरलेली जागा ४६.४, प्रमाण साडेनऊ! एकाच गाडीत एक बाजू आठ मणांचे ओझे वाहत होती आणि दुसरीस साडेनऊ मणांचे दिले होते, तेही जिला वारा गरम मिळतो तिला. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे हेड मुळातच अधिक तापते. अशा ठिकाणी दाब फार वाढला की मिश्रण ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी उरलेला भाग एकदम भडकतो. चढावर ऐकू आलेले ते खडे म्हणजे हे भडकेच होत. ते चालू राहिले की पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात व शेवटी माथ्यास भोक पडते.

हे असे का झाले? पूर्वीच्या मालकाच्या काळी कोणीतरी हे इंजिन बांधले होते. नाव आम्हांस ठाऊक नाही आणि सांगण्याचे कारणही नाही. वर्षानुवर्षे लोखंडी सिलिंडर मऊ पेटीवर आदळून आदळून तिची बैठक खराब करतो. डावीकडची बैठक अशी बिघडली म्हणून ती यंत्रावर ०.८ मिलिमीटर छिलून सपाट केली होती. ते काम योग्यच होते. डावे हेडही छिलले होते. त्यामुळे त्याची पोकळी लहान झाली. परंतु जेवढे छिलले तेवढे परत भरून काढावयाचे असते, ते कोणी केले नव्हते. ०.८ मिलिमीटरची जागा भरणारे कडे सिलिंडरखाली नव्हतेच. बिघडलेले सपाट केले, पण गेलेले मोजले नाही. एवढ्याशा विसराने एक कुटुंब पावसात रस्त्यावर आले.

पुतण्याचा एक मित्र भेटावयास आला असता म्हणाला की, शिम घालूच नयेत. दाब जास्त तेवढी ताकद जास्त. साडेनऊचा परिणाम डोळ्यांदेखत होता, तेव्हा त्याचे म्हणणे सोडून दिले. सूनबाईंचे म्हणणे उलट टोकाचे. त्या म्हणाल्या, "मग चांगली दोन मिलिमीटरची जाड कडी घाला ना, म्हणजे भीतीच नको." हेही दिसते तितके बरोबर नाही. फट अडीच मिलिमीटरच्या वर गेली तर कॉम्प्रेशन उतरते खरे. परंतु पिस्टनच्या कडेस जी हवा दाबून मध्यभागी ठिणगीकडे ढकलली जावयाची, ती तशी ढकलली जात नाही. कडेचे मिश्रण रेंगाळत जळते आणि इंजिन सुस्त होते. म्हणून जाणते कारागीर फट एक ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात, आणि कॉम्प्रेशन आणखी उतरवावयाचे असल्यास हेडची पोकळी वाढवितात. शिम हे ताकद वाढविण्याचे औषध नव्हे आणि भीती घालविण्याचाही ताईत नव्हे. मोजून जेवढे उणे निघाले तेवढे भरणे, हेच त्याचे काम.

पुतण्याने दोन नवी हेडे व मूळ मापाचा पिस्टन-सिलिंडरांचा नवा संच आणला. आमच्याकडे तीन कामे आली: पेटीच्या बैठका घासून स्वच्छ करणे, हेडची पोकळी मोजणे व माथ्याची फट मोजून वहीत लिहिणे. पोकळी मोजणे आम्हांस फार आवडले. स्पार्क प्लग व व्हॉल्व्ह जागच्या जागी बसवून हेड पालथे मांडावयाचे. पोकळीवर ग्रीस लावून बारीक भोकाची पारदर्शक काच-पट्टी चिकटवावयाची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशा ब्युरेटने रंगीत रॉकेल थेंबाथेंबाने सोडावयाचे. बुडबुडा राहिला की माप चुकले. नवी पोकळी दोन्हीकडे ५० घन सेंटिमीटर भरली.

माथ्याची फट मोजण्याची रीत अशी. पिस्टन व सिलिंडर जागेवर चढवून सिलिंडर दांड्यांवरील नट व नळीचे तुकडे लावून खाली घट्ट आवळावयाचा; नाहीतर रिंगांच्या घर्षणाने पिस्टनबरोबर सिलिंडरही किंचित वर उचलला जातो व फट खोटी दिसते. मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन बाहेरच्या टोकास आणावयाचा, आणि सिलिंडरच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून खोली मोजावयाची. ती पिनच्या रेषेत, दोन्ही टोकांस मोजली पाहिजे. कारण पिनच्या आडव्या दिशेस पिस्टन पाळण्यासारखा डुलतो आणि वाटेल ते माप देतो. आपल्याकडे शेतावरील ऑइल इंजिनाचे मेकॅनिक पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार ठेवून ती चेपली किती हे पाहतात, आणि सिलिंडरखालचे पॅकिंग कमीजास्त करतात, हे आम्ही लहानपणी पाहिले होते. तत्त्व तेच, साधने निराळी.

आता आमच्या चुकीकडे येतो. उजवीकडचे दोन सिलिंडर आम्ही सकाळी मोजले: १.४० व १.४१. छान. दुपारी डावीकडचा तीन नंबर मोजला. दोन्ही टोकांस तीन तीन वेळा: ०.६०. चार नंबर मोजावयास घेतला तेव्हा सूनबाईंनी जेवणाची हाक मारली. आम्ही एकाच टोकास, एकदाच मोजले व वहीत लिहिले: १.१०. जेवताना आम्ही हिशेब सांगितला: तीन नंबरखाली पाऊण मिलिमीटरचे कडे, चार नंबरखाली पाव मिलिमीटरचे, दोन्हींकडे फट १.३५, उजव्या बाजूशी फरक नाममात्र. गणित असे चोख जुळले की आमचे आम्हांसच कौतुक वाटले.

पुतण्या भात कालवीत थोडा थांबला व म्हणाला, "काका, चार नंबर एकदा परत बघू या का?"

आम्ही म्हणालो, "अरे, पस्तीस वर्षे मुलांना मापे शिकविली आम्ही."

तो म्हणाला, "तसं नाही काका. तुम्ही म्हणाल तसं करू."

आणि विषय तेथेच संपला. संध्याकाळी त्याने दोन निराळ्या जाडीची कडी काढून टेबलावर मांडून ठेवली. सकाळी बसवावयाची असे ठरले.

रात्री आम्हांस झोप येईना. वहीतील आकडे डोळ्यांपुढे नाचत होते. डावीकडची बैठक छिलली ती यंत्रावर दोन्ही भोकांची एकाच वेळी, एकाच पातळीत छिलली होती. नवे सिलिंडर आम्हीच टेबलावर शेजारी उभे करून पाहिले होते, उंची एकच. पिस्टन एका संचातले. मग तीन नंबरची फट ०.६० आणि चार नंबरची १.१०, हे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर आले कोठून? गणितात उत्तर जुळले म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. मूळ अंक खोटा असला तर खोटेही सुरेख जुळते, हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले असेल! मुलाने उदाहरणात विहिरीची खोली अर्धा हात काढली की आम्ही त्याचा कान धरीत होतो. आणि येथे आमच्या वहीत तसेच उत्तर बसले होते, व कान धरणारा कोणी नव्हता.

खरे सांगावयाचे तर सकाळी उठून हे बोलावयास आम्हांस जड गेले. घरात आम्ही वडीलधारे. सूनबाईंसमोर, नातीसमोर 'आमचे चुकले' म्हणावयाचे. मनात आले की, न बोलता गुपचूप जाऊन पुन्हा मोजावे आणि आकडा बदलून ठेवावा. परंतु सूनबाईंचे ते वाक्य आठवले, 'मला निर्धास्त बसता येईल अशी करा.' त्या गाडीत ती लहान पोर बसणार होती. आम्ही चहाच्या वेळी सर्वांसमक्ष पुतण्यास म्हणालो, "बाळ, चार नंबर उघड. कालचे माप आम्हांस मान्य नाही."

नट सोडून सिलिंडर काढला. बैठकीच्या एका कोपऱ्यात जुन्या सांधणीच्या रसायनाचा वाळून दगड झालेला एक कपचा चिकटलेला होता; नखाएवढा रुंद, जाडीने अर्धा मिलिमीटर. बैठका घासण्याचे काम आमचे होते. म्हणजे कचराही आमचा आणि मापही आमचे. त्या कपच्यावर सिलिंडर एका अंगास उचलला गेला होता. दोन्ही टोकांस मोजले असते तर तो तिरपेपणा तेथेच उघडा पडला असता. कपचा लाकडी पट्टीने खरवडून, बैठक पुसून पुन्हा मोजले, दोन टोकांस, तीन तीन वेळा: ०.६२.

तशीच कडी बसविली असती तर काय झाले असते? कपचा केव्हातरी चुरडला असता, आणि चार नंबरचा सिलिंडर शेजाऱ्याहून अर्धा मिलिमीटर आखूड राहिला असता. हेड त्यावर टेकले नसते. ज्वाळा सांध्यातून बाहेर, हेड वाकडे, आणि पुन्हा तोच हार्त्सचा घाट.

पुतण्या तो कपचा तळहातावर घेऊन म्हणाला, "काका, मला काल शंका आली होती. दोन बैठका एका पातळीत असताना फट वेगळी कशी, असं वाटलं. पण तुम्हांला कसं सांगायचं?"

बंधुभगिनींनो, आज येथे उभे राहून बोलण्याचे कारण हे वाक्य आहे. हा मुलगा परक्या देशात इंजिनियर म्हणून नोकरी करतो. त्याच्या कचेरीत वरिष्ठाचे माप चुकले तर तो तत्काळ बोलत असेल. परंतु घरात काकांपुढे तो बोलला नाही. तो भिऊन गप्प राहिला नाही. आदराने गप्प राहिला. आणि त्याला गप्प बसविले कोणी? 'पस्तीस वर्षे मापे शिकविली' या आमच्या एका वाक्याने. आमच्या अनुभवाचा दाखला आम्ही त्या फटीत घालावयास निघालो होतो. ती फट अनुभवाने भरत नाही. मोजपट्टीला वडीलधारेपणा कळत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. डावीकडच्या दोन्ही सिलिंडरांखाली पाऊण मिलिमीटरची सारखी कडी घातली. प्रत्येक कडे आधी पुसून, बोटाने कड चाचपून, कोठे खाच वा फुगवटा नाही हे पाहून, दोन्ही अंगांस रसायनाचा अगदी पातळ हात देऊन बसविले. दोन कड्यांची चवड करण्यापेक्षा योग्य जाडीचे एकच कडे बरे, असे पुतण्याचे मत पडले. सांधे जितके कमी तितकी गळती कमी. फट झाली १.३५ व १.३७, उजवीकडे १.४० व १.४१. नव्या हेडांसह डावे प्रमाण ७.९ आणि उजवे ७.८. दुसरी एक गोष्ट सहजच साधली. बैठक ०.८ मिलिमीटर छिलली होती, तिच्यावर ०.७५ चे कडे आले. त्यामुळे डावे हेड जवळजवळ कारखान्याने ठेवले होते त्याच ठिकाणी परत गेले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्यांची लांबी, त्यांच्या नळ्या, वाऱ्याचे पत्रे, सारे ओढाताण न करता जागेवर बसले. जाड कडी घालणाऱ्यांस हेही पाहावे लागते. हेड जितके बाहेर सरकेल तितक्या त्या काड्या आखूड पडतात.

नळ्या टोकांच्या घड्यांपाशी किंचित ताणून घेतल्या, म्हणजे त्यांच्या रबरी कड्यांवर दाब राहतो. सिलिंडरांखालचे वारा वळविणारे पत्रे नळ्यांच्या आधी घातले. ते विसरले तर सर्व पुन्हा उघडावे लागते. पिस्टनवरील बाण फ्लायव्हीलकडे आहेत ना, ते पाहिले. मग हेडचे नट टॉर्कच्या पान्ह्याने दोन फेऱ्यांत आवळले. पहिल्या फेरीत सुमारे १० न्यूटन-मीटर, ठरलेल्या क्रमाने. दुसऱ्या फेरीत सुमारे ३१, दुसऱ्या ठरलेल्या क्रमाने. प्रत्येक आकडा पुतण्याने मोठ्याने वाचावयाचा आणि आम्ही वहीत लिहावयाचा. नंतर आम्ही वाचावयाचा व त्याने तपासावयाचा. ही रीत त्या कपच्यानंतर सुरू झाली. आमच्या नातीनेही त्यात भाग घेतला. तिला मराठी आकडे उलटसुलट येत होते, ते महिन्याभरात पाठ झाले.

इंजिन सुरू झाले तेव्हा अंगणात सर्व उभे होतो. पहिल्या दोनतीन प्रयत्नांत फक्त खोकले, चौथ्या वेळी धरले. पाचशे किलोमीटर सावकाश चालवून पुतण्याने चारही सिलिंडरांचा दाब घेतला. चारही आकडे आठ आणि साडेआठ बारच्या दरम्यान आले. आम्ही परत आल्यावर सूनबाईंचा दूरध्वनी आला. मंडळी हार्त्सला जाऊन आली होती, त्याच रस्त्याने. खडे वाजले नाहीत. नात मागच्या बाकावर झोपली होती, आणि सूनबाईही घाट चढताना थोड्या पेंगल्या. निर्धास्तपणाचा याहून मोठा दाखला आम्हांस नको.

ही इंजिने आता नवी बनत नाहीत. जर्मनीत अशा व्हॅनमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी पाण्याची इंजिने आली. ब्राझीलमध्ये वाऱ्याची इंजिने २००५ पर्यंत तग धरून होती. जी उरली आहेत ती अशीच कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी वहीच्या आधारे चालत राहतील. आपल्यांपैकी बहुतेकांस हे इंजिन कधी उघडावे लागणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मोजणे, लिहिणे, तपासणे हे प्रत्येक घरात आहे. औषधाचा डोस आहे, घराचा नकाशा आहे, मुलीच्या संसाराचा हिशेब आहे. तेथे वडिलांनी एकदा सांगितले म्हणून दुसऱ्यांदा मोजावयाचे नाही, अशी रीत आपल्या घरांत असेल तर ती सोडावी, एवढेच आमचे नम्र सांगणे. तरुणांनी आदर सोडू नये. पण 'परत बघू या का' हा प्रश्न दुसऱ्यांदाही विचारावा. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनी तो पहिल्याच वेळी ऐकावा.

तो कपचा आम्ही फेकला नाही. कंपासपेटीत घालून बरोबर आणला आहे. भाषणानंतर विद्यार्थ्यांनी येऊन तो पाहावा, आणि ज्यास शंका येईल त्याने त्याची जाडी पुन्हा मोजावी.